चिंच : गर आणि चिंचोका यांच्या काही स्वयंपाकबाह्य उपयोगांची रासायनिक मीमांसा

देव्हाऱ्यातील ताम्हण, पळी, पंचपात्री ही तांब्याची उपकरणी चिंचेने घासून लख्ख करण्याची रीत महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. आमटीसाठी कोळ काढून झाल्यावर उरलेला चोथा याच कामी येतो. परंतु ही क्रिया नेमकी कशी घडते, याचा विचार रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही सहसा केलेला नसतो. ‘आंबटाने तांबे उजळते’ एवढ्या उत्तरावर तो थांबतो. हे उत्तर चूक नाही, अपुरे आहे. ज्या गुणाने भांडे उजळते त्याच गुणाने त्या भांड्यातील अन्न कळकते. म्हणून हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही. प्रस्तुत टिपणात प्रथम गराचा आणि नंतर, गराहून अगदी निराळ्या कामी येणाऱ्या चिंचोक्याचा विचार केला आहे.

चिंचेचा वृक्ष मूळचा आफ्रिकेतील. तथापि भारतात तो इतका रुळला की अरबांनी त्याच्या फळास ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदी खजूर, म्हटले आणि १७५३ मध्ये लिनेयस याने दिलेले ‘टॅमरिंडस इंडिका’ हे नावही त्यावरूनच आले. गरामध्ये टार्टारिक अम्लाचे प्रमाण सामान्यतः शेकडा ८ ते १८ असते. फळ पिकताना साखर वाढते, अम्ल मात्र फारसे घटत नाही. म्हणून पिकलेली चिंच एकाच वेळी गोड आणि आंबटही लागते. शेले या रसायनज्ञाने १७६९ मध्ये हे अम्ल वेगळे केले, ते मात्र द्राक्षासवाच्या पिंपांत साचणाऱ्या क्षारापासून.

तांब्याच्या भांड्यावर चढणाऱ्या थरात तांबूस क्युप्रस ऑक्साइड, काळे क्युप्रिक ऑक्साइड आणि दमट हवेत हिरवट क्षारीय कार्बोनेट असते. हे तिन्ही अम्लात विरघळतात. खालचा धातू मात्र हवेच्या साहाय्यावाचून सौम्य अम्लाला दाद देत नाही. थर जातो आणि तांबे राहते, ते यामुळे. याखेरीज टार्टारेट आयन तांब्याच्या आयनाला आपल्याशी बांधून द्रावणात धरून ठेवतो. फेलिंगच्या द्रावणाचा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने केलेला असतो. त्यात अल्कली असूनही क्युप्रिक हायड्रॉक्साइडचा साका बसत नाही, याचे श्रेय टार्टारेटलाच आहे. अम्लधर्मी माध्यमात हे बंधन तितके बळकट नसते, हे लक्षात ठेवावे. परंतु तेथेही त्याचा थोडा हातभार लागतो.

चिंचेबरोबर चिमूटभर मीठ घेण्याची गृहिणींची सवयही निरर्थक नव्हे. क्युप्रस क्लोराइड पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असले तरी क्लोराइड आयन विपुल असल्यास त्यापासून विद्राव्य जटिल आयन बनतो व तांबूस थर लवकर सुटतो. मात्र मिठाचा अंश भांड्यावर राहिला तर दमट हवेत त्यावर पुन्हा डाग पडतात. आधी चिंच, मग राख आणि शेवटी भरपूर पाणी हा जुना क्रम या दृष्टीने अगदी शास्त्रशुद्ध आहे. राख अल्कधर्मी असल्याने उरलेले अम्ल मारते, शिवाय बारीक घर्षणाचेही काम करते. दोन्ही एकदम कालवून घेतल्यास मात्र चिंचेचा आंबटपणाच वाया जातो.

हा उपाय सर्वत्र चालत नाही. चांदीवरील काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो व तो इतका अविद्राव्य असतो की चिंच त्यापुढे निष्प्रभ ठरते. पितळ वारंवार व फार वेळ अम्लात राहिल्यास त्यातील जस्त निघून जाते आणि भांड्यावर तांबूस झाक येते. पुष्कळांना ती स्वच्छतेचीच खूण वाटते! प्राचीन ब्राँझ मूर्तींवर तर हा प्रयोग कदापि करू नये. त्यांच्यावरील जुना थर हा मळ नसून इतिहासाचा पुरावा असतो आणि बहुधा तोच धातूचे रक्षणही करीत असतो.

आता कळकण्याविषयी. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात चिंचेचे सार, ताक किंवा कोशिंबीर ठेवली की वर सांगितलेलीच क्रिया घडते, आणि ती ऑक्साइडपुरती थांबत नाही. अम्ल आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगाने धातूही हळूहळू विरघळू लागतो. असे अन्न खाल्ल्यास मळमळ व ओकारी होते. ओतीव पितळेत शिसे मिसळलेले असू शकते, आणि त्याचे विष तर शरीरात साठत जाते. कल्हईचा कथिलाचा थर हा या दोहोंमधील पडदा होय. अलीकडे ही भांडी हौसेने पुन्हा घरात येत आहेत, कल्हईवाला मात्र शोधावा लागतो. तेव्हा घासण्यास चिंच आणि शिजविण्यास कल्हई, हा भेद नव्या गृहस्थास मुद्दाम सांगणे आवश्यक झाले आहे.

गर थर काढतो, तर चिंचोका थर चढवितो. चिंचोके भाजून, टरफल काढून केलेल्या पिठाची खळ महाराष्ट्रात घोंगडीच्या ताण्याला लावीत आले आहेत. सावंतवाडीच्या गंजिफांच्या जुन्या पद्धतीत कापडाला ताठपणा आणण्यासाठी हीच खळ वापरीत. ओडिशातील पटचित्रांचा पटही हिच्यात खडूची भुकटी मिसळून तयार होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे पीठ ताग व कापूस गिरण्यांतही शिरले.

या सर्वांचे मूळ झायलोग्लुकान या बहुशर्करेत आहे. तिचा कणा सेल्युलोजप्रमाणेच ग्लुकोजच्या लांब साखळीचा असतो, परंतु त्याला झायलोज व गॅलॅक्टोज यांच्या शाखा फुटलेल्या असतात. कण्याच्या साम्यामुळे ती कापसाच्या तंतूला घट्ट बिलगते. शाखांमुळे साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत आणि पदार्थ गरम पाण्यात फुलतो. लोकरीचा तंतू प्रथिनाचा असल्याने घोंगडीत हे साम्य उपयोगी पडत नाही. तेथे सुकल्यावर बनणाऱ्या चिवट पापुद्र्यानेच काम भागते. चिंचोके जास्त भाजले तर साखळ्या तुटतात व खळ पातळ होते. भाजणीचे तंत्र म्हणूनच महत्त्वाचे. खळीला बुरशी व कीड लवकर लागते, यास्तव पुस्तकबांधणी करणारे कारागीर आपल्या खळीत मोरचूद घालीत आले आहेत. याच बहुशर्करेचे शुद्ध द्रावण अलीकडे कोरड्या डोळ्यांसाठीच्या थेंबांतही वापरतात. डोळ्यावरील श्लेष्मल थराला ते चिकटून राहते व ओलावा टिकवून धरते.