पाय थांबू न देणारी सायकल

उतार लागला की पायडल मारणे थांबवायचे आणि सायकल नुसती सोडून द्यायची, हे सुख प्रत्येक सायकलस्वाराच्या ओळखीचे आहे. ते मिळते मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलमुळे. पाय थांबले की फ्रीव्हीलमधले बारीक खटके दातांवरून घसरत जातात आणि ती परिचित टिकटिक ऐकू येते. ‘फिक्स्ड गिअर’ सायकलमध्ये नेमका हाच भाग नसतो. मागचे दातेरी चक्र थेट चाकाच्या हबवर घट्ट बसवलेले असते. त्यामुळे चाक फिरत असेपर्यंत पायडल फिरतच राहते आणि पायही. चढ असो, उतार असो की समोर सिग्नल लाल झालेला असो, पायांना सुटी नाही.

ही रचना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील रुळण्यापूर्वी सायकली अशाच होत्या. नंतर ही पद्धत मुख्यतः शर्यतींच्या बंदिस्त ट्रॅकवर टिकली. जपानमध्ये १९४८ पासून होणाऱ्या केइरिन शर्यती आजही याच सायकलींवर होतात. ट्रॅकवरून ती रस्त्यावर आणली न्यूयॉर्कसारख्या शहरांतल्या सायकलस्वार कुरिअरांनी. कारण व्यावहारिक होते. गिअर बदलण्याची यंत्रणा नाही, तिच्या केबल नाहीत, बिघडण्यासारखे भाग कमी, वजनही कमी. पुढे लंडनसारख्या शहरांत रोज कामावर जाणाऱ्या अनेकांनी ती स्वीकारली.

आरोग्याचा हिशेब

सायकलने कामावर जाण्याचे फायदे मोठ्या अभ्यासांतून दिसले आहेत. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. गाडीने किंवा सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांच्या तुलनेत सायकलने जाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. त्यामुळे सगळे श्रेय सायकललाच देता येणार नाही. शिवाय हे आकडे सर्व प्रकारच्या सायकलींचे आहेत. फिक्स्ड गिअरला वेगळे गुण मिळालेले नाहीत.

या सायकलीत फरक पडतो तो व्यायामाच्या स्वरूपात. पाय सतत फिरत असल्याने प्रवासात विश्रांतीचे तुकडे राहत नाहीत आणि पायडल एका लयीत मारण्याची सवय लागते. वेग कमी करायचा असेल तर वर येणाऱ्या पायडलला पायाने विरोध करावा लागतो. त्या वेळी मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात. गड उतरताना हेच घडते. म्हणून चढण्यापेक्षा उतरल्याने दुसऱ्या दिवशी मांड्या जास्त दुखतात. नवख्या फिक्स्ड गिअर स्वाराची दुखणीही अशीच असतात. अंतर हळूहळू वाढवले तर स्नायू सरावतात. गुडघेदुखी आधीपासून असेल, तर मात्र डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला आधी घेतलेला बरा.

दातांचे गणित

गुडघ्यांवर किती ताण पडणार, हे बरेचसे सायकल बांधतानाच ठरते. गिअर एकच असल्याने पुढच्या आणि मागच्या चक्रांच्या दातांची निवड महत्त्वाची. पुढे ४६ आणि मागे १७ दात असतील, तर पायडलच्या एका फेरीत चाक सुमारे २.७ वेळा फिरते. चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर धरला, तर एका फेरीत सायकल ५.७ मीटर पुढे जाते. ताशी २० किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे ५९ फेऱ्या माराव्या लागतात. उतारावर वेग ४० झाला तर ११७! मोठा गिअर घेतला तर फेऱ्या कमी होतात, पण प्रत्येक फेरीला जोर जास्त लागतो. निघताना आणि चढावर तो भार गुडघ्यांवर येतो. रोजच्या वापरासाठी हलका गिअर शहाणपणाचा.

दातांच्या निवडीवर टायरचे आयुष्यही अवलंबून असते. काही स्वार पाय अडवून मागचे चाक घसरवतात आणि वेग कमी करतात. प्रत्येक वेळी तोच पाय पुढे असतो. पुढे ४८ आणि मागे १६ दात असतील तर प्रमाण बरोबर तीनास एक होते. मग दर वेळी टायरची तीच जागा रस्त्यावर घासते आणि तिथेच टायर फाटतो. ४६ आणि १७ या जोडीत ही झीज १७ जागी वाटली जाते.

फ्रेम निवडताना मागच्या चाकाचा आस बसतो ती खाच पाहावी लागते. ती आडवी हवी, म्हणजे चाक मागेपुढे सरकवून चेनचा ताण साधता येतो. सैल चेन उतरली तर मागचे चाक अडकू शकते. फार ताणलेली चेन जड चालते. पुढचे आणि मागचे चक्र एका रेषेत हवे. सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे लॉकरिंग. मागचे चक्र हबवर उजव्या आट्यांनी बसते, तर त्यावरची लॉकरिंग उलट्या आट्यांची असते. पायाने मागे जोर दिला की चक्र सुटू पाहते आणि लॉकरिंग त्याला रोखते. साध्या फ्रीव्हीलच्या हबवर नुसते चक्र चढवून केलेला जुगाड म्हणूनच धोक्याचा.

पुढचा ब्रेक हवाच

पायांनी सायकल थांबवता येते, मग ब्रेक कशाला, असा युक्तिवाद काही शौकीन करतात. भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूने नाही. वेग कमी होताना शरीराचा भार पुढच्या चाकावर जातो, मागचे चाक हलके होते आणि त्याची रस्त्यावरची पकड घटते. पाय फक्त मागचेच चाक रोखतात. ताशी २५ किलोमीटर वेगात केवळ मागच्या चाकावर थांबायला कोरड्या रस्त्यावरही जवळपास १० मीटर लागू शकतात. पुढचा ब्रेक नीट वापरला तर हे अंतर साधारण निम्मे होते. शिवाय चेन तुटली, तर पायांचा ब्रेक तत्क्षणी संपतो.

लंडनमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या अशाच सायकलची धडक बसून रस्ता ओलांडणाऱ्या ४४ वर्षांच्या महिलेचा मृत्यू झाला. ब्रिटनच्या नियमांनुसार सायकलला थांबवण्याच्या दोन स्वतंत्र सोयी असाव्या लागतात. फिक्स्ड चाक त्यातली एक मानले जाते, पण पुढचा ब्रेक सक्तीचाच आहे. ब्रेक असता तर सायकल वेळेत थांबली असती, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. तरुण सायकलस्वार सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून सुटला. मात्र बेदरकारपणे वाहन चालवून इजा केल्याबद्दल १८६१ च्या कायद्याखाली त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली.

आपल्या रस्त्यांवर

सपाट आणि बऱ्या रस्त्यावर, पाच-सात किलोमीटरच्या प्रवासाला ही सायकल उत्तम साथ देते. खड्डे आणि स्पीडब्रेकरवर मात्र तिच्या मर्यादा कळतात. साध्या सायकलवर पायडल आडवे ठेवून, किंचित उठून धक्का पायांवर घेता येतो. इथे पाय फिरतच असतात. वळणावर सायकल कलंडवली तर खालचे पायडल रस्त्याला टेकू शकते. पावसाळ्यात निसरड्या डांबरावर मागचे चाक लवकर घसरते. सैल पायजमा, ओढणी किंवा बुटाची नाडी चेनमध्ये गेली, तर पाय थांबवून ती सोडवण्याची सोय नाही.

उत्सुकता असलेल्यांसाठी मधला मार्ग आहे. दोन्ही बाजूंना आटे असलेल्या हबवर एकीकडे फिक्स्ड चक्र आणि दुसरीकडे फ्रीव्हील बसवता येते. चाक काढून उलटे लावले की सायकल बदलते. फ्रीव्हीलच्या बाजूने पायांचा ब्रेक मिळत नाही, म्हणून पुढे-मागे दोन्ही ब्रेक बसवावेत. आधी मोकळ्या मैदानात थांबण्याचा सराव करावा, मग शांत गल्ल्यांत आणि शेवटी ऑफिसच्या रस्त्याला लागावे. पायांना लय सापडायला थोडे दिवस लागतात. तोवर एक बोट ब्रेकवर असलेले चांगले. आणि लय सापडल्यानंतरही ते तिथेच असावे.