झोपेत दात खाता? मग हे वाचाच

पेडणे-डिचोलीकडच्या मंडळींनो, झोपेत कुणी दात खाल्ले की घरात पहिलं निदान ठरलेलं: जंत! पण मोठ्या माणसांत दात खाण्याचा संबंध बहुतेकदा ताण, झोपेतला अडथळा किंवा काही औषधांशी असतो. सकाळी जबडा आखडतो, कानशिलं दुखतात, दातांच्या कडा सपाट होतात. झिजलेलं एनॅमल पुन्हा येत नाही, म्हणून नाईट गार्डबद्दल, म्हणजे झोपताना दातांवर बसवायच्या कवचाबद्दल, मी इतक्या कळकळीने सांगतो.

डॉक्टर दातांचं माप घेतात, प्लास्टरचा साचा करतात आणि त्यावर ॲक्रिलिकचं पारदर्शक, साधारण २-३ मिलिमीटर जाडीचं कवच बनतं, बहुधा वरच्या दातांसाठी. खरी कसोटी पुढे. निळा कागद चावायला देऊन जिथे जास्त दाब पडतो तिथे डॉक्टर ते कवच घासतात. गरम पाण्यात मऊ करून बसवायच्या तयार गार्डमध्ये ही बारकाई नाही.

गार्डने सवय जात नाही, दात वाचतात. धुवायला साधंच पाणी वापरा, गरम पाण्याने आकार बिघडतो. जोरात घोरत असाल, दिवसा पेंग येत असेल, तर गार्डआधी झोपेची तपासणी करा. एरवी आधी जवळच्या दंतवैद्याला दाखवा. बांबोळीला १९८० साली स्थापन झालेलं सरकारी दंत महाविद्यालयही आहे.