दिसतंय तोवरच काढायचा फोटो

मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडू लागतो तेव्हा माणसाला काहीच जाणवत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येते. ‘दिसतंय की चांगलं, मग कशाला दाखवायचं?’ हा प्रश्न त्यामुळे रास्त वाटतो आणि तोच घात करतो. कुर्डुवाडीचंच उदाहरण घ्या. या जंक्शनवरून सोलापूर, पुणे, मिरज, लातूर अशा चारी वाटांनी गाड्या सुटतात. तरीही पडद्याच्या डॉक्टरांसाठी 80 किलोमीटरवरचं सोलापूर गाठायचं म्हणजे एक रोज बुडणार, सोबतीला कुणीतरी लागणार आणि बाहुली मोठी करणारे थेंब घातले की पुढचे काही तास सगळं धूसर दिसणार. ज्याला त्रासच नाही तो एवढा खटाटोप करत नाही. अशा वेळी माणसाआधी त्याच्या डोळ्याचा फोटो पाठवणं शहाणपणाचं, आणि ते आता सहज शक्य आहे.

पडदा म्हणजे डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून लागलेलं, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचं अस्तर. शरीरावर कुठेही सुरी न लावता रक्तवाहिन्या थेट पाहता येतात त्या इथे. अडचण उजेडाची. आत उजेड सोडायची आणि तो परत बाहेर यायची वाट एकच, बाहुली. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी 1851 मध्ये ही अडचण सोडवणारं उपकरण दाखवलं आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ डॉक्टरांना पहिल्यांदा नीट पाहता आला. त्याचा फोटो मात्र बराच रखडला. 1886 मध्ये इंग्लंडमध्ये जॅकमन आणि वेबस्टर यांनी तो काढला तेव्हा त्या माणसाला अडीच मिनिटं डोळा स्थिर ठेवावा लागला होता.

आजच्या फंडस कॅमेऱ्यात हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, आतल्या हिरव्या ठिपक्याकडे बघायचं. एक लख्ख झोत, की झालं. तो झोत बाहुलीच्या कडेने कड्यासारखा आत शिरतो आणि पडद्यावरून परतणारा उजेड मधल्या भागातून कॅमेऱ्यात येतो. दोन्ही वाटा वेगळ्या ठेवल्यामुळे बुबुळाच्या पुढच्या काचेवरची चमक फोटोत उतरत नाही.

असा फोटो एकदा निवांत पाहावा. नारिंगी तांबूस पटावर एका बाजूला फिकट पिवळी चकती असते. तिथून दृष्टीची नस मेंदूकडे जाते आणि तिथूनच रक्तवाहिन्या फांद्यांसारख्या फुटतात. जरा बाजूला गडद ठिकाण दिसतं, ते मॅक्युला. वाचायला, सुईत दोरा ओवायला तेच कामी येतं. मधुमेहाची पहिली खूण म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, बारीक वाहिन्यांच्या भिंतीला आलेले फुगवटे. मग गळलेल्या चरबीचे पिवळे कण, कापसासारखे पांढरे डाग आणि शेवटी वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या. या नव्या वाहिन्या ठिसूळ असतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं, आणि घरच्यांची धावपळ बहुधा तिथून सुरू होते.

फोटोत खोली कळत नाही. ते काम ओसीटी हे तंत्र करतं. 1991 मध्ये अमेरिकेत हुआंग, स्वॉन्सन, फुजिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जगापुढे मांडलं. डोळ्याला जवळपास न दिसणारे अवरक्त किरण आत सोडायचे आणि परतणाऱ्या किरणांचा आरशावरून आलेल्या किरणांशी मेळ घालून कोणता थर किती खोल आहे ते ताडायचं. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे पडद्याचे थर वेगवेगळे मोजता येतात आणि मॅक्युलाखाली साचलेलं पाणी दिसतं. सुई नाही, रंग नाही. त्याआधीची मोठी झेप होती रंग टोचून काढायच्या फोटोंची. हाताच्या शिरेत टोचलेला फ्लुरोसीन हा रंग काही सेकंदांत डोळ्यात पोचतो आणि वाहिनी कुठे गळते ते उजळून दाखवतो. ही पद्धत नोव्होटनी आणि आल्विस या दोन अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थ्यांची. नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकाने त्यांचा लेख परत केला, मग तो 1961 मध्ये ‘सर्क्युलेशन’ या हृदयविकाराच्या नियतकालिकात छापून आला.

आपल्याला मात्र जवळचा दाखला मुंबईचा आहे. तिथल्या महापालिकेच्या दवाखान्यांत, डोळ्याचे फोटो काढायची सवय नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने मधुमेहींच्या पडद्याचे फोटो काढले. फोनमधल्याच संगणकीय प्रणालीने, इंटरनेटशिवाय, ते तपासले. डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात 213 जणांचे फोटो होते. पुढे पाठवायलाच हवा असा एकही रुग्ण प्रणालीच्या नजरेतून सुटला नाही. ज्यांना पाठवायची गरज नव्हती अशा शंभरातल्या अकरा-बारांना तिने उगाच पाठवलं असतं, पण तो फेरा परवडणारा आहे. उलटी चूक परवडत नाही.

भारतात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा 2023 मधला अंदाज आहे. पन्नाशीपुढच्या मधुमेहींत साधारण सहा जणांमागे एकाचा पडदा बिघडलेला असतो, असं राष्ट्रीय सर्वेक्षण सांगतं. एवढ्यांना पडद्याच्या डॉक्टरांसमोर बसवणं कुठल्याच जिल्ह्याला जमणार नाही. साखर तपासायला माणूस जिथे येतो, तिथेच वर्षातून एकदा हा फोटो निघायला हवा. टाइप 2 मधुमेहात पहिला फोटो निदान झाल्याबरोबर. कारण साखर कधीपासून वाढली होती ते कुणालाच ठाऊक नसतं. मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर वर्षाची वाट पाहायची नाही.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ठरवून ठेवाव्या लागतील. मोतीबिंदू असलेल्या किंवा बारीक बाहुलीच्या म्हाताऱ्या माणसांचा फोटो धुरकट येतो. तो ‘ठीक’मध्ये जमा करून चालणार नाही, त्या माणसाला तपासणीला पाठवलंच पाहिजे. आणि ज्याला पाठवलं तो पोचला का, लेझर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन झालं का, याची नोंद फोटो काढणाऱ्याच केंद्राने ठेवायची. महिन्याभरात आला नाही, तर घरी फोन करायचा.