खिशातलं नेट (भाग ७) : दीड जीबीचा दिवस

जबलपूर हे टेलिफोनवाल्यांचं गाव. रिज रोडवरचं १९४२ मध्ये सुरू झालेलं दूरसंचार प्रशिक्षण केंद्र आज डॉ. आंबेडकरांच्या नावाने चालतं आणि बीएसएनएलचे अधिकारी तिथे शिकून देशभर जातात. लष्कराचं एक सिग्नल ट्रेनिंग सेंटरही इथे. ज्यात टॉवर घडले तो सरकारी टेलिकॉम कारखानाही इथलाच. देशात फाइव्ह-जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये जिओने ती जबलपुरात आणली. तरी गोलबाजार-राइट टाऊनमधल्या मराठी घरांतली तक्रार नागपूर-पुण्याहून वेगळी नाही: नेट फास्ट झालंय खरं, पण डेटा संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मागच्या भागात टॉवर आणि लहरी पाहिल्या. आज या तक्रारीचा हिशेब मांडू.

वेग मोजतात बिटमध्ये आणि कोटा बाइटमध्ये. एक बाइट म्हणजे आठ बिट. रोजचा दीड जीबीचा कोटा म्हणजे सुमारे १२,००० मेगाबिट. सेकंदाला ५ मेगाबिट देणाऱ्या जुन्या फोर-जीवर तो सलग ओढला तरी संपायला ४० मिनिटं लागतील. फाइव्ह-जीवर १०० चा वेग काही विशेष नाही, आणि त्या वेगाने तोच कोटा दोन मिनिटांत संपतो. जाहिरातीत दाखवतात तो वेग पूर्ण वापरला, तर दिवसाचा डेटा चहा गाळेपर्यंत उरणार नाही.

सलग असा कोणी ओढत नाही, हे मान्य. पण फोन आपल्याला न विचारता ओढतो. व्हिडिओ दाखवणारी अ‍ॅप्स नेटचा वेग सतत चाचपत असतात. वेग कमी असला की चित्र धूसर ठेवतात, वाढला की आपणहून स्पष्ट करतात. ४८० च्या दर्जाचा तासाभराचा व्हिडिओ साधारण अर्धा जीबी खातो, १०८० चा दीड ते दोन जीबी. पाच-सहा इंचांच्या पडद्यावर या दोन्हींतला फरक किती जणांना दिसतो, देव जाणे. जुनं मंद नेट नकळत आपल्या डेटाची राखण करत होतं, तो पहारेकरी आता गेला. त्यात एक रील संपायच्या आत पुढच्या दोन-तीन उतरवून ठेवलेल्या असतात, बघा अथवा न बघा. लग्नाच्या ग्रुपवर आत्याने टाकलेले चाळीस फोटोही आपसूक येऊन बसतात.

यावर कंपन्यांचं उत्तर तयार असतं: अनलिमिटेड फाइव्ह-जी घ्या. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. अमर्याद फाइव्ह-जी मात्र रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनलाच उरलं, म्हणजे तेव्हा २८ दिवसांसाठी ३४९ रुपये. बरं, तेही घेतलं समजा. फाइव्ह-जीचा मोठा भार ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर असतो. या लहरी जवळच्या जवळ पोहोचतात आणि भिंतीपाशी दमतात. जबलपूरच्या जुन्या बंगल्यांच्या जाड भिंतींआड, आतल्या खोलीत गेलं की फोन गुपचूप फोर-जीवर उतरतो आणि तिथे दोन जीबीचं मीटर सुरू होतं. अमर्याद डेटा गच्चीत आणि मोजका डेटा माजघरात, असा हा प्रकार. मीटर कधी सुरू झालं, हे सांगायला कोपऱ्यातलं इवलंसं चिन्ह तेवढं असतं.

कोटा संपल्यावर नेट बंद पडत नाही. वेग ६४ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. या वेगाने एक एमबीचा फोटो उतरायला दोन मिनिटांहून अधिक लागतात. भाजीवाल्यापुढे क्यूआर कोड धरून उभे असाल, तर पैसे गेले की अडकले हे कळेपर्यंत मागची रांग खाकरायला लागते. खुद्द सरकारच्या २०२३ च्या व्याख्येप्रमाणे २ एमबीपीएसच्या खालचं नेट ब्रॉडबँड ठरतच नाही. मग या ६४ ला काय म्हणायचं?

कोटा ठेवण्याचं कारण म्हणून जाळ्यावरचा ताण दाखवला जातो. ते अर्धंच खरं आहे. जबलपूरजवळच्या बरगी धरणातलं पाणी आज वाचवलं तर उन्हाळ्यात कामी येतं. डेटाचं तसं नाही. टॉवरची क्षमता दर सेकंदाची असते. पहाटे तीनला कोणी वापरली नाही तर ती वाया गेली, रात्री नऊच्या गर्दीसाठी साठवता येत नाही. दिवसभराच्या कोट्याने नऊची गर्दी हटत नाही, कारण ज्यांचा डेटा शिल्लक आहे ते सगळे तेव्हाच बसतात. उलट बहुतेक प्लॅनमध्ये मध्यरात्री उरलेला डेटा बाद होतो, म्हणून झोपण्याआधी काहीबाही उतरवून तो संपवायची सवय लागते. गर्दी हेच खरं कारण असतं, तर दर वेळेनुसार बदलले असते. रोजचा कोटा हे मुख्यतः दर ठरवण्याचं हत्यार आहे. कंपन्यांचा खर्च खोटा नाही. २०२२ च्या लिलावात त्यांनी लहरींसाठी सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली लावली. आणि २०१६ पूर्वी एका जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजून तो महिनाभर पुरवत होतो, हेही विसरू नये. पण स्वस्त आहे म्हणून हिशेब विचारू नये, असं थोडंच आहे?

२८ दिवसांचा ‘महिना’ हेही असंच एक हत्यार. वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. २९९ च्या प्लॅनला हा तेरावा हप्ता २९९ रुपयांचाच. दूरसंचार नियामक ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये ३० दिवसांचे आणि दरमहा त्याच तारखेला येणारे प्लॅन ठेवणं सक्तीचं केलं. डिसेंबर २०२४ मध्ये डेटा नको असलेल्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही. दोन्ही मिळतात, यादीत खाली जाऊन शोधले तर. आजी-आजोबांच्या साध्या फोनसाठी जरूर शोधा.

बाकी उपाय हाताशी आहेत. यूट्यूबमध्ये मोबाइल नेटसाठी ‘डेटा सेव्हर’ निवडा, व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप डाउनलोड बंद करा, फोटोंचा बॅकअप वायफायवरच ठेवा. पण सगळं ग्राहकानेच करायचं, हे मला पटत नाही. घरच्या वायरवाल्या ब्रॉडबँडसाठी ट्रायने २०१६ मध्येच बजावलं होतं की कोटा संपल्यावर वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही. त्या वेगाने एक एमबी सोळा सेकंदांत उतरतो, पैसे भरता येतात, तिकीट काढता येतं. मोबाइलला ती अट लावली नाही. ट्राय आपली सल्लापत्रं संकेतस्थळावर टाकतं आणि त्यांवर कोणीही ग्राहक मत कळवू शकतो. दरांविषयीचं पुढचं पत्र येईल तेव्हा ही ५१२ ची मागणी लिहून पाठवा.