पन्नास किलोचं पोतं, पाचशे किलोची ओढ

पैठण रस्त्यावरच्या चितेगावात गोदामाला ट्रक लागतो. 50 किलोचं एक पोतं जमिनीवरून उचलायचं, म्हणजे कंबरेवर किती भार? पन्नास म्हणाल तर हिशेब दहापटीने चुकला.

पाठीचे स्नायू मणक्यांच्या चकतीपासून जेमतेम 5 सेंटिमीटर मागे असतात. वाकून, हात लांब करून धरलेलं पोतं 50 सेंटिमीटर पुढे राहतं. तरफेच्या नियमाने ते तोलायला स्नायूंना 500 किलोची ओढ लावावी लागते, आणि ती सगळी चकतीवर दाबली जाते. वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेने चकतीसाठी धोक्याची रेषा आखली आहे ती 3400 न्यूटनवर, म्हणजे सुमारे 350 किलोवर! तेच पोतं 25 सेंटिमीटरवर घ्या, ओढ निम्मी होते.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन प्रयोगात एका जिवंत माणसाच्या चकतीतच दाबमापक बसवला होता. नुसतं उभं राहिल्यावर दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो दाब, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुप्पट. पाठ वाकवून 20 किलो उचलले तेव्हा 23. गुडघ्यात वाकून उचलले तेव्हा 17. अंगाशी धरले तेव्हा 11. वजन तेच, दाब निम्म्याहून कमी.

दोघांनी हात लावून तिसऱ्याच्या पाठीवर पोतं देण्याची हमालांची रीत म्हणूनच शहाणपणाची आहे. ओझं कण्याजवळ राहतं. पण पुनरावृत्तीचं काय? समजा, एकाच्या वाट्याला रोज 80 पोती आली. म्हणजे 4 टन. वर्षाचे 300 दिवस आणि 30 वर्षं धरली तर 36,000 टन. आयफेल टॉवरचं लोखंड 7,300 टन आहे. तसे जवळजवळ पाच टॉवर एका पाठीवरून गेले.

‘नायॉश’च्या सूत्रात सगळं अनुकूल असतानाही उचलायचं वजन 23 किलोच धरलं आहे. आपलं पोतं त्याच्या दुपटीहून जड. साखरेचं पोतं पूर्वी 100 किलोचं असे, ते 50 वर आलं. युरियाची गोणी 2018 मध्ये 50 वरून 45 किलोची झाली, तीही खताचा वापर कमी व्हावा म्हणून. पोत्याचं वजन एका आदेशाने बदलतं, हे यातून सिद्धच झालं आहे.

गोदाममालकांनी फलाट ट्रकच्या फाळक्याइतका उंच करावा, थप्पीचा तळ जमिनीवरून वर घ्यावा. आणि सरकारने पुढचा आदेश हमालाच्या पाठीसाठी काढावा: पोतं 25 किलोचं.