जुन्या डिझेल ट्रक इंजिनातील सिलिंडर हेडची गळतीरोधकता : एक यांत्रिक विवेचन

प्रस्तावना :

डिझेल इंजिनाचे ज्वलनचक्र, इंधनपंप, टर्बोचार्जर इत्यादी घटकांचा अभ्यासक्रमात सविस्तर परामर्श घेतला जातो. सिलिंडर ब्लॉक आणि त्यावरील हेड यांच्यामध्ये बसविलेल्या पातळ गॅस्केटच्या वाट्याला मात्र बहुधा एखादा परिच्छेद येतो व ‘गळती रोखणारा थर’ अशी त्याची व्याख्या केली जाते. ही व्याख्या अपुरी आहे. ज्वलनाचा दाब गॅस्केट पेलत नाही. तो पेलते ते हेड आणि ब्लॉक यांना एकमेकांवर दाबून धरणारे बोल्टांचे बल. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळदा केवळ गॅस्केट बदलले जाते, काही महिन्यांनी ते पुन्हा जाते आणि मालकाचा खर्च दुप्पट होतो. प्रस्तुत लेखात एका प्रसिद्ध इंजिनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

इंजिनाचा परिचय :

अमेरिकेतील इंडियाना राज्यातील कोलंबस येथील कमिन्स कंपनीचे ५.९ लिटर क्षमतेचे, सहा सिलिंडरांचे ‘बी’ मालिकेतील इंजिन १९८९ च्या मॉडेल वर्षापासून डॉज पिकअप ट्रकमध्ये बसविले जाऊ लागले. आरंभी त्याची शक्ती १६० अश्वशक्ती होती. प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा असलेली त्याची जुनी आवृत्ती या ट्रकमध्ये १९९८ पर्यंत वापरात होती. हे कुल आपल्याला परके नाही. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या टाटा कमिन्सच्या जमशेदपूर येथील कारखान्यातून याच मालिकेची इंजिने टाटांच्या मालमोटारींसाठी तयार झाली.

दाबाचे गणित :

या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास १०२ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ८२ चौरस सेंटिमीटर आहे. ज्वलनाचा कमाल दाब १३० बार धरल्यास हेडला वर उचलणारे बल जवळपास ११ टन भरते. टर्बोचा दाब व इंधन वाढविले, आणि विशेषतः इंधन फवारणीची वेळ अलीकडे आणली, की हा दाब झपाट्याने चढतो. तो २०० बार झाला असे मानले, तर तेच बल १६ टनांच्या पुढे जाते.

याच्या विरोधात १२ मिलिमीटर व्यासाचे २६ बोल्ट आहेत, म्हणजे दर सिलिंडरमागे सरासरी चारांहून किंचित अधिक. या मापाचा १०.९ वर्गातील बोल्ट सुमारे ७ टनांपर्यंतचा ताण कायमची विकृती न होता सोसू शकतो. बेरीज केली तर पारडे बोल्टांचेच जड दिसते. मग गॅस्केट का जाते? कारण ही बेरीज सरासरीची आहे. बोल्ट पूर्ण मर्यादेपर्यंत कधीच आवळलेले नसतात. पाणी व तेलाच्या मार्गांभोवतीचा भागही त्यांनाच दाबून ठेवायचा असतो. शिवाय दोन बोल्टांच्या मधल्या जागी हेड प्रत्येक स्फोटागणिक सूक्ष्म प्रमाणात कमानीसारखे वर वाकते. तेथील दाब क्षणभर अपुरा पडला की तप्त वायू वाट शोधतो आणि एकदा सापडलेली वाट रुंद होत जाते.

बोल्ट हा वस्तुतः एक अत्यंत ताठ स्प्रिंग होय. तो ताणला गेला तरच दाबून धरतो. टॉर्क रेंचने लावलेल्या बलापैकी मोठा भाग, ढोबळ मानाने नऊ दशांश, आटे आणि बोल्टच्या डोक्याखालील घर्षणातच खर्च होतो. गंजलेल्या वा कोरड्या आट्यांवर रेंच योग्य आकडा दाखवील, पण बोल्ट अर्धवटच ताणलेला असेल. म्हणूनच या इंजिनात ठरावीक टॉर्कनंतर बोल्ट आणखी ९० अंश फिरविण्याची पद्धत आहे. आट्यांचे अंतर १.७५ मिलिमीटर असल्यास पाव फेऱ्यात बोल्ट जवळजवळ ०.४४ मिलिमीटर पुढे सरकतो. काही अंशी गॅस्केट दबते, उरलेल्या अंशाने बोल्ट ताणला जातो. कोन घर्षणावर अवलंबून नसतो, हे या युक्तीचे मर्म आहे.

बळकटीचे उपाय :

सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे बोल्टांऐवजी उच्च बलाच्या पोलादाचे स्टड. बोल्ट आवळताना ताणाबरोबर पीळही पडतो; स्टड ब्लॉकमध्ये हलक्या हाताने बसवून वरचा नट फिरविला जात असल्याने त्यावर मुख्यतः ताणच येतो व ब्लॉकमधील आटेही झिजत नाहीत. नटाचा टॉर्क स्टडच्या उत्पादकाने सांगितलेल्या वंगणानुसारच ठेवावा लागतो. मूळ बोल्टाचा आकडा येथे लागू पडत नाही.

दुसरा उपाय ‘ओ-रिंग’ हा होय. नाव रबरी कड्याचे असले तरी येथे पोलादी तार असते. हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरभोवती खाच कोरून ती बसवितात. तार पृष्ठभागाच्या किंचित वर राहते व गॅस्केटच्या धातूच्या कड्यात रुतते. त्यामुळे बोल्टांचे तेच बल अरुंद वर्तुळावर एकवटते. ‘फायर रिंग’ या तिसऱ्या पद्धतीत गॅस्केटचे कडे काढून त्याजागी जाड स्वतंत्र कडे हेड व ब्लॉक दोहोंतील खाचांत बसविले जाते. ही पद्धत भार ओढण्याच्या स्पर्धांतील ट्रकांसाठी योग्य. रोज माल वाहणाऱ्या वाहनाला, माझ्या मते, सपाट केलेले हेड आणि चांगले स्टड एवढे पुरेसे असते.

पण सपाटपणाचा मुद्दा बहुधा घाईत निसटतो. सरळपट्टी व फीलर गेज हेडवर फिरविली जाते, ब्लॉकवर क्वचितच. बोल्टच्या बंद छिद्रात तेल वा पाणी साचले असेल, तर बोल्ट त्या द्रवावरच अडतो; रेंच समाधान देते आणि प्रसंगी ब्लॉकला तडा जातो. जुना बोल्ट वापरायचा तर त्याची लांबी मोजणे आवश्यक असते.

फोर्डच्या २००३ ते २००७ या काळातील ६.० लिटर डिझेल इंजिनाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. आधीच्या ७.३ लिटर इंजिनात प्रत्येक सिलिंडरभोवती सहा बोल्ट होते; नव्यात चार झाले. मालकांनी मोठ्या संख्येने स्टड बसविले, ते योग्यच होते. परंतु त्या इंजिनात ऑइल कूलर तुंबल्याने ईजीआर कूलरला शीतक कमी पडे, तो फुटे व शीतक सिलिंडरपर्यंत पोहोचे. तुंबलेला कूलर तसाच ठेवून केवळ स्टड बसविणाऱ्याच्या हेडखालची गळती थांबली, तरी ईजीआर कूलर फुटण्याचा धोका कायमच राहिला.