लस टोचलेल्या पिलाची शुश्रूषा



आमचें सांगवी हें गांव बारामतीहून फलटणकडे जाणाऱ्या वाटेवर, नीरा नदीच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. सभोंवार उंसाचे फड, कालव्याचें पाणी, आणि प्रत्येक वस्तीच्या दाराशीं निदान एक कुत्रें, असें येथील चित्र आहे. रात्रीं-अपरात्रीं पाण्याची पाळी आली म्हणजे हातांतल्या बॅटरीइतकाच भरंवसा ह्या प्राण्याचा वाटतो. गोठा राखण्याचें काम तर सर्वस्वीं त्याचेंच. असें असूनहि त्याच्या औषधपाण्याचा विचार आपण सर्वांच्या शेवटीं करतों. आजचा विषय त्यांतलाच एक आहे. पिलास लस टोचून घरीं आणल्यावर त्याला जी सुस्ती, जो ताप किंवा जी सूज येते, तिला घरच्या माणसांनीं कसें तोंड द्यावें, हें मी सांगणार आहे. विषय लहान खरा. परंतु ह्याच ठिकाणीं चुकल्यामुळें माझें एक पिलूं गेलें, म्हणून तो मला लहान वाटत नाहीं.

त्या पिलाचें नांव मोत्या. दोन महिन्यांचा असतां त्याला पहिली लस टोचली. घरीं आणल्यावर तासाभरांत त्याचे ओठ व पापण्या सुजल्या, आणि तो पंजानें तोंड खाजवूं लागला. आम्ही त्याला तसेंच उचलून परत नेलें. डॉक्टरांनीं औषध टोचलें व रात्रींपर्यंत सूज उतरली. घडलें तें एवढेंच. परंतु घरांतील वडील माणसें म्हणालीं, "आतां पुरे झालें. मुक्या जिवाला पुन्हां कशाला छळायचें?" मलाहि तें पटलें. पुढची लस मीं टोचविली नाहीं, व डॉक्टरांना विचारण्याचेंहि टाळलें. दीड महिन्यानें मोत्याला ओकाऱ्या व रक्ताची हगवण सुरू झाली. तो पार्व्हो नांवाचा रोग होता. तिसऱ्या दिवशीं सर्व आटोपलें. दोष लशीचा नव्हता. लस अपुरी ठेवण्याचा होता, आणि तो दोष माझा होता.

आतां प्रथम हें पाहूं, कीं लस टोचल्यावर त्रास होतो तरी कां. लस म्हणजे रोगाचे मेलेले, दुबळे केलेले किंवा तुकडे केलेले जंतु. ते रोग उत्पन्न करीत नाहींत. परंतु शरीराला ते शत्रूच वाटतात. गांवांत चोर आल्याची हूल उठली, कीं सारी आळी काठ्या घेऊन बाहेर पडते, कंदील लागतात, कोणाची झोप होत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सर्वांचे डोळे जड असतात. पण चोराचा चेहरा एकदां सर्वांच्या ओळखीचा झाला, म्हणजे खरा चोर वेशीवरच पकडला जातो. लस टोचलेल्या पिलाची सुस्ती ही ह्या जागरणाची सुस्ती होय. टोचल्या जागीं रक्त अधिक धांवतें, म्हणून ती जागा सुजते व दुखते. शरीर आपली ऊब वाढवितें, म्हणून ताप येतो.

हा अनुभव माणसाला नवा नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली. तेव्हां भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनीं त्या रोगावर लस तयार केली, व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांना ताप भरला, टोचलेली जागा दुखूं लागली, आणि मग सर्व ओसरलें. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला त्यांचेंच नांव आहे. आपल्या घरांतील वृद्ध माणसांच्या दंडावर देवीच्या लशीची जी गोल खूण दिसते, तीहि अशाच तापाची व खपलीची आठवण होय. आणि त्या खुणेच्या बळावरच देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाला. लाळ्या-खुरकुताची लस टोचल्यावर गाईनें एक-दोन दिवस दूध कमी दिलें, तर आपण घाबरत नाहीं. मग पिलूं एक दिवस पडून राहिलें, तर तेवढ्यानें धीर कां सोडावा?

मात्र एक गैरसमज येथेंच दूर केला पाहिजे. देवीच्या लशीची खपली धरली नाहीं तर लस लागली नाहीं, असें पूर्वीं म्हणत, व त्या लशीपुरतें तें खरेंहि होतें. कुत्र्याच्या लशींना तो नियम लागूं पडत नाहीं. ताप आला नाहीं म्हणून लस वायां गेली असें नव्हे, आणि ताप आला म्हणून ती अधिक लागली असेंहि नव्हे.

दुसरा प्रश्न असा, कीं तीच लस पुन्हां पुन्हां कशासाठीं? ह्याचें उत्तर गोठ्यांतच आहे. व्यालेल्या गाईचा पहिला चीक वांसराला पाजावा, हें आपल्याला सांगावें लागत नाहीं. कारण आईनें सोसलेल्या रोगांविरुद्धची शक्ति त्या चिकांतून वांसरास मिळते. कुत्रीच्या चिकांतूनहि पिलांना ती अशीच मिळते. परंतु हीच उसनी शक्ति लशीतील जंतूंचाहि नाश करते, व पिलाला स्वतःची शक्ति कमावूं देत नाहीं. ती कोणत्या आठवड्यांत संपेल, हें प्रत्येक पिलाचें निरनिराळें असतें. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर दोन ते चार आठवड्यांनीं, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत, लस टोचावयाची असते. मधेंच सोडलेली लस ही अर्धी बांधलेली ताल आहे. पाणी उरलेल्या भगदाडांतूनच जातें. मोत्याचें तसेंच झालें.

आतां घरीं काय करावें तें क्रमानें सांगतों.

लस शक्यतों सकाळीं टोचवावी, म्हणजे पुढचा सारा दिवस पिलूं डोळ्यांसमोर राहतें व गरज पडल्यास दवाखाना उघडा असतो. टोचल्यावर अर्धा तास तेथेंच थांबावें. गंभीर त्रास बहुधा पहिल्या कांहीं मिनिटांत किंवा तासांत दिसतो. पिलाला मानगुटीला धरून उचलूं नये. लस बहुधा तेथेंच टोचलेली असते. एक हात छातीखालीं व एक हात ढुंगणाखालीं घालून तें उचलावें.

घरीं आल्यावर त्याला सांवलींत, वारा खेळता असेल अशा कोपऱ्यांत, गोणपाट अंथरून निजूं द्यावें. गळ्यांतील पट्टा सैल करावा. तोंडास सूज आली तर तोच फास होतो. ताजें पाणी जवळ ठेवावें. नेहमींचेंच अन्न थोडें मऊ करून थोडथोडें द्यावें. एक वेळ त्यानें खाल्लें नाहीं, तर बळजबरी करूं नये. त्या दिवशीं कौतुकानें वाटीभर दूध किंवा कांहीं नवा पदार्थ देऊं नये. त्यानें पोट बिघडलें, तर तो त्रास लशीचा कीं खाण्याचा हें ओळखतां येत नाहीं. दोन-तीन दिवस आंघोळ घालूं नये, धांवडवूं नये, आणि मुलांना त्याच्याशीं झोंबूं देऊं नये. दुखत्या जागीं हात लागला, तर शांत पिलूंहि चावतें.

टोचल्या जागीं गांठ आली, तर थंड पाण्यांत पिळलेलें फडकें त्यावर कांहीं मिनिटें ठेवावें. ती चोळूं नये, दाबूं नये, तिच्यावर चुना किंवा बिब्बा लावूं नये. अशी गांठ कांहीं दिवसांत आपोआप विरते. तीन आठवड्यांनंतरहि ती राहिली, वाढूं लागली, किंवा तींतून पू आला, तर दाखवावी.

तापाविषयीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं कुत्र्याचें अंग आपल्यापेक्षां मुळांतच गरम असतें. १०१ ते १०२·५ अंश हें त्याचें स्वाभाविक मान आहे. हात लावून किंवा नाक कोरडें दिसलें म्हणून ताप ठरवूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, घरांतील माणसांच्या तापाची गोळी त्याला कदापि देऊं नये. पॅरासिटॅमॉल व आयबुप्रोफेन हीं औषधें कुत्र्यास विषासमान ठरूं शकतात. पिलाच्या इवल्याशा देहाला तर थोडीशी मात्राहि फार होते.

सुस्ती, मंद ताप, कमी भूक व टोचल्या जागचें दुखणें हीं सर्व लक्षणें बहुधा एक-दोन दिवसांत जातात. परंतु कांहीं लक्षणें अशीं आहेत, कीं तीं दिसतांच घटकाभरहि थांबूं नये. तोंड किंवा पापण्या सुजणें, अंगावर गांधी उठणें, वारंवार ओकारी व जुलाब होणें, श्वास कोंडणें, पाय लटपटून कोसळणें, हीं तीं लक्षणें होत. पिलाचा ओठ उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी असावयास हवी. बोटानें दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आंत तिचा रंग परत आला पाहिजे. ती पांढरीफटक दिसली, तर रक्ताभिसरण ढासळत आहे असें समजावें. अशा वेळीं हळद-दूध पाजणें, धूर देणें वा दृष्ट काढणें ह्यांत जाणारी मिनिटेंच प्राण घेतात. डॉक्टरांजवळ ॲड्रेनॅलिन वगैरे औषधें असतात, आणि वेळेवर पोंचलेलीं बहुतेक पिलें सांवरतात.

असें संकट कितीदां ओढवतें? अमेरिकेंत बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून २००५ सालीं एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लस टोचल्यापासून तीन दिवसांत कांहीं ना कांहीं त्रास नोंदला गेला, अशांचें प्रमाण दर १०,००० कुत्र्यांमागें सुमारें ३८ होतें. घरच्या घरीं निवळलेली सुस्ती अशा नोंदींत क्वचितच येते, हें खरें. परंतु दवाखाना गांठावा लागण्याजोगे प्रसंग थोडे, हें त्यावरून दिसतें. लहान चणीच्या कुत्र्यांत, व एकाच वेळीं अनेक लशी टोचलेल्या कुत्र्यांत, हें प्रमाण अधिक आढळलें.

म्हणून एकदां त्रास झाला, तर पुढच्या वेळेसाठीं तयारी करावी. पळ काढूं नये. कोणती लस, कोणत्या दिवशीं टोचली, किती वेळानें काय झालें, हें पिलाच्या लसपुस्तिकेंत लिहून ठेवावें व पुढील लशीपूर्वीं डॉक्टरांना दाखवावें. ते लशी वेगवेगळ्या दिवशीं विभागून देतील, आधीं औषध देतील, किंवा अधिक वेळ थांबवून घेतील. जंतांचें औषध आधीं पाजलेलें असावें, आणि आजारी पिलाला लस टोचूं नये. लशीची कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस थंडाव्यांत राहिलेली असली पाहिजे. दुकानांतून आणून खिशांत फिरविलेली व घरीं टोचलेली लस हें नुसतें पाणी ठरण्याचा संभव असतो. शिवाय त्रास झाल्यास हाताशीं उपाय कांहींच नसतो.

टोचल्याबरोबर संरक्षण मिळतें असेंहि नाहीं. शरीराला त्यासाठीं आठवडा-दोन आठवडे लागतात. उंसतोडीच्या हंगामांत आपल्याकडे टोळ्या उतरतात, धनगरांचे वाडे शेतांत बसतात, आणि त्यांच्याबरोबर ठिकठिकाणचीं कुत्रीं येतात. पार्व्होचा विषाणु तर विष्ठेतून मातींत पडून महिनेच्या महिने जिवंत राहतो. तेव्हां लशी पुऱ्या होईपर्यंत पिलूं आपल्या अंगणांतच असूं द्यावें.

शेवटीं रेबीजसंबंधीं दोन शब्द. ही लस बारा आठवडे पुरे झाल्यावर टोचतात, व वर्षानें पुन्हां टोचतात. माणसास होणाऱ्या ह्या रोगाचें मूळ शंभरांत नव्याण्णव वेळां कुत्र्याचा दंश हेंच असतें, आणि लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं. पोटांत घ्यावयाचीं तीं चौदा इंजेक्शनें आपल्यांतील पुष्कळांना आठवत असतील. ती जुनी लस आतां बंद झाली आहे, व दंडांत टोचण्याची सोपी लस आली आहे. पण भीति तीच आहे. कोणतेंहि कुत्रें चावलें, तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें. पिलाच्या एक दिवसाच्या सुस्तीला भिऊन ही लस टाळणें, म्हणजे आपल्या अंगणांत खेळणाऱ्या लेंकरांचा जीव पणास लावणें होय.

मोत्यानंतर आमच्या घरीं वाघ्या आला. पहिल्या लशीनंतर तोहि दिवसभर गोणपाटावर पडून होता, आणि घरांतल्या सर्वांचे डोळे त्याच्याकडेच लागले होते. मीं पाण्याची वाटी जवळ ठेवली, दर तासाला त्याचा ओठ उचलून हिरडी पाहिली, आणि पुढच्या लशीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशीं पहाटे तो माझी वहाण तोंडांत धरून अंगणभर पळत होता. त्याच्या सर्व लशी आतां पुऱ्या झाल्या आहेत. तुमच्याहि अंगणांत एखादें पिलूं असेल, तर त्याची पुढील तारीख आजच पाहून ठेवा, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.